सुगंधाकाकीच्या घोवाचं गाऱ्हाणं

आमच्या लवूकाकांचा देवावर विश्वास होता, पण त्याहून जास्त स्वतःच्या आवाजावर. आचऱ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. देवाशी बोलायचं काकांनी, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. काकांनी तोंड उघडलं की देवळाबाहेरची कुत्रीसुद्धा गप्प बसत.

स्वतःच्या दातांशी मात्र हा माणूस सात जन्मांचं वैर असल्यासारखा वागायचा. जाळलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे मशेरी, उठल्यापासून निजेपर्यंत हिरड्यांना घासायची. मधल्या वेळात सुपारी. घरात अडकित्ता होता, पण तो बायकांसाठी, असं त्यांचं ठाम मत. सुतळी तोडायला दात, बाटलीचं झाकण काढायला दात. सुगंधाकाकी बोलून बोलून थकली.

साठ सालच्या जत्रेआधीची गोष्ट. काका कुर्लीचा जाडजूड डेंगा, म्हणजे खेकड्याची नांगी, दातांनी फोडत होते. कडकन आवाज झाला. डेंगा शाबूत होता, काकांचे वरचे पुढचे दोन दात मोडले होते.

संध्याकाळी त्यांनी देवळात आवाज लावून पाहिला. गाऱ्हाण्याची शीळ झाली आणि थुंकी पुजाऱ्याच्या अंगावर उडाली. चुलतभाऊ बाबली तिथेच होता. या मानावर त्याचा डोळा बरीच वर्षं होता.

“दादा, यंदा मी घालतंय गाऱ्हाणा. तुमी आराम करा,” तो फार मायेने म्हणाला.

एकदा दिलेला मान बाबली परत करणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी काकीने त्यांना एस्टीत घालून मालवणला दातांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर केळुसकरांनी मोडक्या दातांची मुळं काढली. किडलेली दाढ कोरून तिच्यात चांदी भरली. हिरड्या भरून आल्यावर मेणात ठसा घेतला आणि दोन नवे दात करून दिले, शेजारच्या दातांना तारेने अडकवायचे.

“रात्री काढून धुवायचे,” ते म्हणाले. “सुपारी, डेंगे दातांनी फोडायचे नाहीत. आणि मशेरी आजपासून बंद. तुमच्या हिरड्या तिनेच खाल्ल्यात. बाकीचे दात हलले, तर हे नवे कशाला अडकवू?”

काकांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. घरी आल्यावर गोठ्यामागे जाऊन पहिली मशेरी लावली. काकीला वास आला. ती काहीच बोलली नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच गप्प बसली होती; काकांनी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

जत्रेच्या दिवशी काकांचा आवाज असा खणखणला की बाबलीचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. गावाचं गाऱ्हाणं संपलं. मग एकेक जण नारळ घेऊन पुढे येऊ लागला. इथला नियम कडक: आणलेलं मागणं काकांनी खड्या आवाजात देवाला सांगायचं. गाळायचं नाही, बदलायचं नाही.

सुगंधाकाकी नारळ घेऊन पुढे आली.

“माझ्या घोवाचा गाऱ्हाणा आसा,” ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, आणि हळू आवाजात सांगू लागली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं. कोपऱ्यात बाबली सदरा नीट करत होता. काकांना सुरुवात करावीच लागली.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा! ही तुझी लेक तुझ्या पायाकडे इली आसा. हिच्या घोवाक मशेरेचा वायट व्यसन लागला हा!”

“व्हय म्हाराजा!” अख्खं गाव ओरडलं.

“तो... तो गोठ्याच्या पाठसून चोरून लायता!”

“व्हय म्हाराजा!” हसू दाबताना लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तेका बुद्धी दी. तेणा दातान सुपारी फोडूक नाय व्हयी, डेंगे फोडूक नाय व्हये!”

“व्हय म्हाराजा!”

काकी आणखी काहीतरी पुटपुटली. काका थांबले. काकीने नारळ जरा पुढे सरकवला.

“आणि तेणा परत मशेरी लायली,” काकांचा आवाज चिरकला, “तर फुडच्या वर्सापासून गाऱ्हाणा बाबलीन घालूचा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी सगळ्यांत मोठा आवाज बाबलीचा होता.

तेव्हापासून बाबली रोज सकाळी काकांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, हजर असायचा. “दादा, बरे आसास मां?” असं विचारायचा आणि अगदी जवळ येऊन, काका तोंड उघडेपर्यंत उभा राहायचा.