पन्नासाच्या वर

वहिनी शहराची बस चालवायची. पहाटेची पाळी आटोपून दुपारी डेपोत गाडी लावली, की घरी न जाता ती थेट डेपोमागच्या व्यायामशाळेत शिरायची. व्यायामशाळा म्हणजे एकेकाळचं टायरचं गोदाम. भिंतींना अजून रबराचा वास येत असे. दुपारी तिथे चिटपाखरू नसायचं आणि वहिनीला तेच बरं वाटायचं. नवरा त्याच डेपोत इलेक्ट्रिशियन, त्यामुळे ड्रायव्हर-मेकॅनिकपासून झाडूवाल्यापर्यंत ती सगळ्यांचीच वहिनी. जो तो येऊन सल्ला द्यायचा.

तिचं घोडं पन्नास किलोवर अडलं होतं. बेंचवर उताणं पडायचं, वजनं लावलेला लोखंडी बार छातीपर्यंत आणायचा आणि सरळ वर ढकलायचा. एवढंच. पन्नास एकदा कसंबसं वर गेलं होतं. त्या आनंदात तिने आख्ख्या डेपोला चहा पाजला होता. पण ते तेवढंच. त्यानंतर ती आली की पन्नासच लावायची आणि बार अर्ध्यावर येऊन हटून बसायचा. मग तो पोटावरून घरंगळवत मांडीपर्यंत न्यायचा, उठून बसायचं, इकडेतिकडे कुणी पाहिलं नाही ना याची खात्री करायची, आणि पुन्हा तेच.

त्या दुपारी बार जरा वरच उतरला, गळ्याच्या जवळ. तिथून तो ना वर जाईना, ना पोटाकडे सरकेना. एका बाजूला कलता करून वजनं पाडून टाकावीत, तर दोन्ही टोकांना चाप घट्ट लावलेले. ओरडायला छातीत हवा नव्हती.

तेवढ्यात बेबी दारात आली.

बेबी म्हणजे वहिनीची धाकटी नणंद. पस्तिशीला आली तरी घरात ती बेबीच. नवऱ्याचं घर कायमचं सोडून ती भावाकडे आली होती आणि तेव्हापासून खिडकीशी बसून होती. विचारलं तर उत्तर द्यायची, वाढलं तर जेवायची. पूर्वी ती तसबिरींना चौकटी बसवून देणाऱ्या दुकानात कामाला होती. ते कामही सुटलं होतं. आज कचरा टाकायला बाहेर पडली तेव्हा मागे दार ओढलं गेलं आणि किल्ली आत राहिली, म्हणून ती वहिनीकडे दुसरी किल्ली मागायला आली होती.

समोरचं दृश्य पाहून तिने चपलांसकट धाव घेतली, बेंचच्या डोक्याशी उभी राहिली आणि दोन्ही हातांनी बार ओढला. दोघींनी मिळून तो कसाबसा बेंचच्या खुंट्यांवर चढवला.

वहिनी उठून बसली. खोकत खोकत म्हणाली, "दादाला सांगू नकोस."

"नाही सांगत," बेबी म्हणाली. मग चपला काढता काढता, "वहिनी, तुझा उजवा हात मागे राहतो. बार तिरका होता."

इतक्या दिवसांत बेबी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

"तुला दारातून दिसलं?"

"तिरकं असलं की मला दिसतंच गं. चौकटी लावून लावून डोळ्याला खोड लागलीय."

दुसऱ्या दिवशी वहिनीने तिला हाताला धरूनच नेलं. "नुसती मागे उभी राहा," म्हणाली. पण त्या दिवशी मास्तरही आले होते. मास्तर म्हणजे व्यायामशाळा सांभाळणारे म्हातारे गृहस्थ, गुडघे धरलेले, जीभ मात्र सैल. त्यांनी वहिनीचा एक प्रयत्न पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"रोज परीक्षा देतेस. अभ्यास कधी करणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे वजन उतरव. अडतीसवर ये."

"अडतीस?" वहिनीला ते जिव्हारी लागलं. "ते तर मी झोपेतही उचलीन."

"मग झोपेत नको, जागेपणी नीट उचल. पाचपाचदा, असे पाच फेरे. छातीवर आला की क्षणभर थांबव, उसळवू नकोस. एक दिवस जड, एक दिवस हलकं, मध्ये विश्रांती. दर आठवड्याला थोडं वाढव, आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी कर. अंगाला बळ विश्रांतीत चढतं, बाई, बेंचवर नाही."

मग त्यांनी तिला झोपवून सगळं पहिल्यापासून शिकवलं. खांदे मागे-खाली ओढून पाठीचे दोन्ही फरे एकमेकांना भिडवायचे. पाय जमिनीत रोवायचे, अधांतरी ठेवायचे नाहीत. मनगटं सरळ. कोपरं पंखांसारखी फाकवायची नाहीत, अंगाकडे थोडी घ्यायची. बार गळ्याशी नाही, छातीच्या खालच्या भागावर उतरवायचा आणि वर नेताना किंचित खांद्यांकडे झुकवायचा. वहिनी मनातल्या मनात धुसफुसत होती, पण अडतीस किलोचा पाचवा फेरा संपला तेव्हा तिच्या मांड्यासुद्धा थरथरत होत्या.

"बस चालवताना फक्त हात वापरतेस का? तसंच हे," मास्तर म्हणाले आणि लंगडत निघून गेले.

दिवस जात राहिले. बेबी नेमाने मागे उभी राहायची. "उजवा," एवढंच म्हणायची, की वहिनी उजवा हात सावरायची. हळूहळू ते सांगायची गरज उरली नाही. व्यायाम झाला की दोघी डेपोच्या कँटीनमध्ये चहा घ्यायच्या आणि तिथे बेबी थोडंथोडं बोलायला लागली.

एक खोड मात्र जाईना. बार जरा मंदावला, की बेबीचे हात लागलीच त्याच्याखाली जायचे. पंचेचाळीसच्या जड दिवशी शेवटच्या फेऱ्याला तेच झालं. बार हळूहळू वर चालला होता आणि बेबीने तो झटकन उचलून खुंट्यांवर टाकला.

वहिनी ताडकन उठली. "जात होतं ते! मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही, किती वेळा सांगू?"

"मला वाटलं पडणार."

"तुला सगळंच पडणार वाटतं!"

शब्द तोंडातून गेला आणि वहिनीला चटका बसला. बेबीने पिशवी उचलली आणि ती चालू लागली. पुढच्या खेपेला ती आली नाही. वहिनीने एकटीने हलकं वजन मारलं, पण मन लागलं नाही.

संध्याकाळी ती बेबीच्या खिडकीशी जाऊन बसली. "मी तोंडाला येईल ते बोलले. चुकलं माझं."

"खरंच बोललीस," बेबी म्हणाली. "ते घर पडणार हे मला आधीच दिसत होतं. तरी मी वर्षानुवर्षं दोन्ही हात लावून उभी राहिले. आता कुठलीही गोष्ट डुगडुगली की हात आपोआप पुढे जातात."

वहिनीने तिचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, "मग असं कर. हात बारच्या खाली ठेव, पण लावू नकोस. बार परत खाली यायला लागला तरच धर. नुसता हळू झाला तर हळूच जाऊ दे."

"आणि मला भीती वाटली तर?"

"वाटू दे. मलाही वाटते. दोघी मिळून घाबरू."

बेबी हसली. किती दिवसांनी.

मास्तरांनी सांगितलेले आठवडे संपले, विश्रांतीचाही झाला, आणि पारखायचा दिवस उजाडला. वहिनीने आधी हलकी वजनं लावून अंग गरम केलं. मग पन्नास. बार छातीवर आला, क्षणभर थांबला आणि सरळ वर गेला, जणू त्याने कधी त्रास दिलाच नव्हता. मास्तरांनी मान हलवली आणि दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलोच्या चकत्या चढवल्या.

साडेबावन्न अर्ध्यावर मंदावला. अगदी त्याच जागी. वहिनीच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या. बेबीचे हात बारच्या वीतभर खाली होते, बोटं ताणलेली, पण त्यांनी बारला स्पर्श केला नाही. "जातोय," ती दातांतून म्हणाली, "वहिनी, जातोय, सरळ आहे." आणि बार इंच इंच करत वर गेला.

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. पण वहिनीच्या अंगात वारं शिरलं होतं. "पंचावन्न लावा!"

"हाव सुटली," मास्तर म्हणाले, पण लावलं.

पंचावन्न छातीवर आला आणि तिथेच बसला. वहिनीने जोर लावला, बार तसूभर उचलला आणि परत खाली यायला लागला. त्याच क्षणी बेबीने तो धरला आणि दोघींनी तो खुंट्यांवर नेऊन ठेवला. वहिनी उताणी पडल्यापडल्या खो-खो हसत सुटली. बेबीही हसली, हसताहसता जमिनीवरच बसली.

"हा धरायचा होता ना?" तिने विचारलं.

"हाच," वहिनी म्हणाली.

थंडी सुरू झाली तोवर बेबीने दुसऱ्या एका दुकानात चौकटींचं काम धरलं होतं आणि डेपोच्या पलीकडच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली होती. भावाचा चेहरा पडला, पण वहिनीने त्याला गप्प केलं. सामान हलवायला दोघीच गेल्या. लोखंडी कपाट दोघींनीच जिन्यावरून चढवलं. वरच्या पायरीवर दम खाताना बेबीने वहिनीला विचारलं, "मास्तर मला कितीपासून सुरू करायला लावतील गं?"

"नुसत्या बारपासून," वहिनी म्हणाली. "आणि पहिल्या दिवशी तुझा चेहरा बघायला मी मागे उभी असणार."