गॅरेजमधली लुचिया

"हीटर बंद करू नकोस," हॉस्पिटलला निघताना एत्तोरे म्हणाला होता. "ओली माती गोठली, की संपली."

म्हाताऱ्या माणसांच्या सूचनांना आपण मान डोलावतो, तशी ज्ञानदानं डोलावली आणि किल्ली खिशात टाकली.

एत्तोरे शेजारच्या टाउनहाउसमधला. इटलीत संगमरवराच्या डोंगरांपाशी वाढला, तरणाताठा असताना अमेरिकेत आला, आणि थडग्यांवरच्या देवदूतांपासून ऑफिसांपुढच्या वाकड्यातिकड्या ब्राँझच्या शिल्पांपर्यंत सगळं घडवत इथेच म्हातारा झाला. नदीकाठच्या पार्कातलं ते मोठं पोकळ वर्तुळ, ज्यात नेपरव्हिल गावची पोरं पाय सोडून बसतात, ते त्याचंच. कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यानंही कधी सांगितलं नाही. ज्ञानदाची चार वर्षांची इला त्याला एत्तोरे आजोबा म्हणायची.

गॅरेजमध्ये त्यानं कधी गाडी ठेवली नाही. तिथे ओल्या फडक्यांत गुंडाळलेलं एक डोकं होतं. लुचियाचं, त्याच्या मुलीचं. ती लहानपणीच तापानं गेली. ब्राँझ करायचं तर मातीवर प्लास्टर चढवून साचा घ्यावा लागतो, आणि साच्यातून माती ओरबाडून काढताना मूळ चेहरा मोडतो. लोकांचे चेहरे त्यानं असे कितीतरी मोडले होते. हा मात्र त्याच्यानं मोडवेना. म्हणून वर्षानुवर्षं फडकी भिजवायची, थोडं घडवायचं, पुन्हा झाकायचं. आता खुब्याचं ऑपरेशन निघालं आणि फडकी भिजवायचं काम ज्ञानदाकडे आलं.

पहिल्यांदा फडकं सोडलं तेव्हा ती दचकली. चेहरा हसरा नव्हता, रागीटही नव्हता. काहीतरी विचारून उत्तराची वाट बघत असावा, तसा. तिनं घाईघाईनं पाणी शिंपडून तो झाकून टाकला. घरी येऊन इलाला त्या मातीच्या मुलीबद्दल सांगितलं, ते मात्र सांगायला नको होतं. इला भिंतीला कान लावून बसायला लागली. "आई, शी इज सो क्वाएट टुडे," म्हणायची.

"तू घाबरतेस म्हणून ती असं करते," तिचा नवरा निमिष म्हणाला. "मातीचा गोळा आहे, यार."

त्या गोळ्यापेक्षा ज्ञानदाला हीटरची धास्ती जास्त होती. जुनाट, तारा लालबुंद होणारा, लावला की जळकट वास सोडणारा. दोन्ही घरांची भिंत एकच, आणि तिच्या अलीकडे इलाची खोली. मुलीला द्राक्षसुद्धा चिरून देणारी बाई ती. रिकाम्या गॅरेजात तसलं धूड पेटतं ठेवून तिला झोप कशी यावी? तिनं हीटर बंद केला. अगदीच बेफिकिरीनं नाही. आईनं शिवून दिलेली गोधडी नेऊन लुचियाभोवती घट्ट लपेटली, मानेपाशी खोचली, थंडीत इलाला खोचते तशी.

पण गोधडी अंगातली ऊब राखते. मातीला कुठलं अंग?

बर्फाच्या वादळानंतर तिनं गोधडी काढली, तर फडकी दगडासारखी कडक झाली होती. तिनं घाबरून हीटर लावला, आणि तिथेच चुकली. माती सैल व्हायला लागली तसे चेहऱ्याचे पापुद्रे सुटले. नाक घसरलं. मग गाल. तिनं दोन्ही तळव्यांनी तो चेहरा दाबून धरला, बोटांच्या फटींतून तो तरीही उतरत राहिला. पलीकडून इला भिंतीवर टकटक करत होती.

सगळी माती तिनं झाकणाच्या पातेल्यात भरली आणि ते घेऊन हॉस्पिटलमध्ये गेली. एत्तोरेनं पातेल्यात हात घातला, आणि न विचारताच त्याला सगळं कळलं.

"मी हीटर बंद केला," ती म्हणाली. "इला पलीकडे झोपते. मला आगीची भीती वाटली."

त्यानं विचारलं, "तुझी मुलगी बरी आहे ना?"

"हो."

"मग ठीक केलंस." मातीतली बोटं हलत नव्हती. "मला आता तिचे कान आठवत नाहीत. मातीला आठवत होते."

वसंतात तो काठी टेकत घरी आला. काही दिवसांनी भिंतीपलीकडून माती आपटल्याचे आवाज येऊ लागले, धप, धप, आणि ज्ञानदाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात निमिषची नोकरी दूर वाळवंटातल्या चँडलरला हलली. ते निघाले तेव्हा एत्तोरेनं गॅरेज काही दाखवलं नाही. तिनंही बघू का म्हटलं नाही.

आता तो फोन उचलत नाही. तिथे दोन घरं सोडून राहणाऱ्या रत्ना काकूंना तिनं बघून यायला सांगितलं. त्यांचा लगेच फोन आला. उगाच काळजी करतेस, म्हणाल्या. म्हातारा छान टापटीप आहे, गॅरेजसुद्धा झाडूनपुसून लख्ख केलंय, हात तर असे स्वच्छ, जणू आत्ताच पूजेला बसणार आहे. ज्ञानदानं बरं म्हणून फोन ठेवला, आणि बाहेर चँडलरचं ऊन रणरणत असताना तिच्या अंगावर काटा आला.

काकू आता सहा महिने पुण्याला गेल्यात. म्हणून तुम्ही कुणी त्या बाजूला राहत असाल, तर ज्ञानदाचं एवढं ऐका. बेल वाजवून लगेच परत फिरू नका, त्याला दारापर्यंत यायला वेळ लागतो. कसे आहात, असं विचारू नका. तो ठीकच म्हणेल. हात बघा त्याचे. मातीनं भरलेले असतील, तर कामात आल्याबद्दल माफी मागून निघा. स्वच्छ असतील, तर आत जाऊन बसा.