कानांवरची झाकणं

मी ड्रम सँडर बोलतोय. माझा आवाज मोठा आहे, त्याला माझा इलाज नाही. आणि खरं सांगायचं तर माझं सगळं दुखणं त्या आवाजातच आहे.

माझी रचना साधी. एक आडवा रूळ, त्यावर पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळलेली, आणि खाली सरकता पट्टा. पट्ट्यावर फळी ठेवली की ती रुळाखालून घासली जाते आणि गुळगुळीत, सारख्या जाडीची होऊन बाहेर पडते. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम मी दोन मिनिटांत करतो, हे सांगताना मला अजूनही थोडी ऐट वाटते.

माझी पहिली अकरा वर्षं ओसियेक शहराजवळ दारं बनवणाऱ्या एका कारखान्यात गेली. तिथे झोरा नावाची बाई मला सांभाळायची. सकाळी आली की आधी कानांवर आवाज अडवणारी झाकणं चढवायची, मगच माझं बटण दाबायची. पुढे कारखाना बंद पडला आणि बार्तोलने मला विकत घेतलं. निघताना झोराने ती झाकणं माझ्या हँडलला अडकवली. ही मशीनबरोबरच द्यायची असतात, एवढंच म्हणाली.

बार्तोल द्रावा नदीकाठच्या गावात तांबुरित्सा बनवतो. आमच्या भागात या तंतुवाद्यांशिवाय लग्न लागत नाही आणि मेलेला माणूसही वेशीबाहेर जात नाही. हे वाद्य करणारी माणसं लाकूड कानाने निवडतात. फळी कानाशी धरायची, बोटाने टकटक करायची आणि ठरवायचं. बार्तोल तर त्याच्या पुढचा. फळी माझ्याखालून जात असतानाही तो मान वाकवून कान माझ्याजवळ आणायचा. लाकूड कुठे अडखळतं ते त्याला ऐकायचं असे. झाकणं पहिल्याच दिवशी भिंतीवरच्या खिळ्याला गेली, लसणाच्या माळेशेजारी.

"कान झाकून वाद्य बनवायचं, म्हणजे नाक दाबून रस्सा चाखायचा," तो बायकोला म्हणाला होता. येला हसली होती. मीही हसलो असतो, पण मला हसता येत नाही. नऊ वर्षं मी त्याच्या कानात ओरडत राहिलो.

या हिवाळ्यात मी आजारी पडलो. बार्तोलच्या उस्तादाने मरताना त्याला स्प्रूस लाकडाच्या दोन पातळ फळ्या दिल्या होत्या. त्या तीस वर्षं माळ्यावर जपलेल्या. आता त्यांतली एक काढून त्याने बिसेर्नित्सा करायला घेतली. बिसेर्नित्सा म्हणजे सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत उंच स्वराची तांबुरित्सा. गावातला वादक शिमून ती गावच्या संताच्या सणाला वाजवणार होता. फळी माझ्याखालून गेली आणि बाहेर आली ती आडव्या लाटा घेऊन, धुण्याच्या पाटासारखी. बार्तोलने ती उजेडात धरली आणि चुलीशेजारी ठेवून दिली. आता एकच फळी उरली होती.

मग त्याने माझी दुरुस्ती मांडली. पॉलिश पेपर काढून नव्याने ताणून गुंडाळला. पेपरात बसलेला लाकडाचा डिंक रबराने घासून काढला. पट्टा घट्ट केला, त्याचा वेग कमी केला, रूळ दोन्ही टोकांना सारखा आहे का ते मोजलं. दर वेळी एखादा टाकाऊ तुकडा घालून पाहायचा, आणि दर वेळी लाटा तशाच. पाच दिवसांत त्याच्या नाकी नऊ आले.

दुखणं माझ्या उजव्या बेअरिंगमध्ये होतं. त्यातलं ग्रीस सुकलं होतं आणि ते बारीक, सुईसारखं किंचाळत होतं. मी मुद्दाम जास्त किंचाळलो. बार्तोलने अगदी तिथेच कान आणला, डोळे मिटून ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. तेव्हा मला कळलं, आणि मी घाबरलो.

येला जेवायला बोलवायला आली ती दारातच थबकली. तिने दोन्ही कान दाबले.

"बार्तोल, बंद कर ते. डोक्यात जातंय."

"काय जातंय?"

"ती किंकाळी."

"कसली किंकाळी?"

येला त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याभोवती फिरून तिने बेअरिंगच्या झाकणावर बोट ठेवलं. "इथे. डुक्कर कापताना ओरडतं ना, तशी."

त्याने तिथे हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मला बंद केलं आणि स्टुलावर बसला.

"कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून. मला वाटलं, तुला माहीत असेल."

"शिमून म्हणत होता, मी लावलेली वरची तार चढी लागते," तो म्हणाला. "मी त्याला आधी कान धुऊन ये म्हटलं."

नवं बेअरिंग दोन दिवसांत आलं. बार्तोलने ते बसवलं, ग्रीस भरलं. टाकाऊ तुकडा आरशासारखा बाहेर पडला. मी बरा झालो, आणि मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. माझं किंचाळणारं अंग बाजारात मिळतं. त्याचा कान मिळत नाही.

काल त्याने उरलेली फळी खाली आणली. टकटक केली, पण स्वतःच्या कानाशी धरून नव्हे, येलाच्या. येलाला आजवर सगळ्या फळ्या सारख्याच वाजायच्या. तिने डोळे मिटून दोनदा ऐकलं आणि घाबरतच म्हणाली, अजून जाड वाटतेय. त्याने हँडल फिरवून माझा रूळ केसभर खाली घेतला.

तो बटणाकडे वळला, तेव्हा येलाने त्याचा हात धरला. खिळ्यावरची झाकणं काढली, पदराने पुसावीत तशी एप्रनने पुसली आणि त्याच्या डोक्यावर चढवली.

ज्यांच्याकडे माझ्यासारखं यंत्र असेल, त्यांनी आधी आपल्या भिंतीवरचा खिळा बघावा. मला एवढंच मागायचं आहे.

"आता काय उपयोग?" बार्तोल म्हणाला.

येलाने एका बाजूचं झाकण उचललं. "जेवढं उरलंय, तेवढ्याला," ती त्याच्या कानात म्हणाली, झाकण नीट बसवलं आणि माझं बटण दाबलं.