रेश्माच्या नावचा हरभरा

भूपाल चौगुले सरांच्या नववीच्या वर्गाचा विज्ञानाचा ब्लॉग म्हणजे कुंडल भागाचं भूषण. आता तो सगळा ब्लॉग एकट्या सरांनीच लिहिला होता, ही गोष्ट वेगळी. पण एवढ्या-तेवढ्यासाठी कुणी भूषणाला नावं ठेवतं होय?

तशी सरांनी सुरुवात सचोटीनंच केली होती. विज्ञानाचा ब्लॉग चालवा, असं वरून फर्मान आलं, तेव्हा त्यांनी प्रत्येक पोराच्या नावानं खातं उघडलं आणि लिहा म्हणाले. तर पहिल्याच दिवशी वीरधवलनं 'गती आणि बल' या धड्याखाली घरच्या शर्यतीच्या बैलाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "आमचा सोन्या. लय पळतो." सरांनी कपाळावर हात मारून घेतला. असलं काही साहेबांच्या नजरेस पडलं म्हणजे? बैल तिथल्या तिथं पुसला गेला. सरांनी सगळ्यांना एकच पासवर्ड घातला, तो स्वतःजवळ ठेवला आणि म्हणाले, आपला हात जगन्नाथ.

सर पक्के जैन. दिवस मावळायच्या आत जेवण उरकलेलं, म्हणजे पुढची संध्याकाळ ही एवढी लांबलचक मोकळी. शेजारपाजारचे टीव्ही बघायचे, सर चाळीस पोरं होऊन लिहायचे. एकाच्या नावानं शंका काढायची, दुसऱ्याच्या नावानं ती फेडायची, तिसरीच्या नावानं "किती छान माहिती!" म्हणायचं. अधूनमधून शुद्धलेखनाच्या चुकाही पेरायच्या, नाहीतर खरं कसं वाटणार? प्रयोग गाईडातून घ्यायचे, निष्कर्ष डोक्यातून.

"आवं, त्या पोरांस्नी लिवू द्या की कवातरी," त्यांच्या पत्नी गुणमालाबाई म्हणायच्या.

"त्यांना काय येतंय गं? नुसती बसत्यात."

"बसवल्यावर बसणारच की."

हे मात्र सरांच्या कानापर्यंत जायचं नाही. जिल्ह्याच्या आदर्श शिक्षक पुरस्काराला त्यांचं नाव गेलं होतं आणि सगळी भिस्त ब्लॉगावर होती. पुरस्कार याआधी दोनदा हुकलेला. एकदा तर त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या पोरानं तो नेला, आणि वर सरांच्या पाया पडायलाही आला. ते सरांना फार लागलं होतं. यंदा काहीही झालं तरी शाल आपल्याच खांद्यावर पडली पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

सगळ्यात भारी लेख सरांनी रेश्माच्या नावानं लिहिले. कारण सोपं होतं. रेश्मा मागच्या बाकावरची पोरगी, वर्षभरात तिचं तोंड उघडायचं ते फक्त 'हजर' म्हणायला. असली पोरगी कधी 'हे माझं नव्हे' म्हणायची नाही. तिच्या हरभऱ्याच्या प्रयोगावर तर सर स्वतःच खूश होते. 'एक डबा उजेडात ठेवला, एक अंधारात. उजेडातील रोप उंच वाढले, अंधारातील खुरटले. यावरून सिद्ध होते की...' वगैरे वगैरे. हरभरा सरांनी पेरला होता तो फक्त कीबोर्डवर.

आणि एक दिवस सांगलीहून निवड समितीचे साहेब आले. स्मार्ट बोर्डावरचं फडकं निघालं, ते असल्याच दिवशी निघायचं. साहेबांनी शहाळं हातात घेतलं, वर्गाकडं पाहिलं आणि विचारलं, "रेश्मा कोण? तिचा हरभऱ्याचा प्रयोग मला फार आवडला."

झालं! चाळीस पोरांत साहेबाला हीच सापडावी! रेश्मा उभी राहिली.

"हा प्रयोग तूच केलास?"

"व्हय साहेब, केला."

सरांचा जीव भांड्यात पडला. गुणाची गं बाई माझी!

"पण तिथं लिवलंय ते खोटं हाय."

भांड्यातला जीव परत बाहेर आला.

रेश्मानं बाकाखालून दोन डबे काढून टेबलावर ठेवले. "आईच्या मोबाईलवर वाचलं. खाली माझं नाव हाय म्हटल्यावर एकदा करून बघावं वाटलं. ह्यो उजेडातला. आन् ह्यो घमेल्याखाली झाकला हुता." उजेडातला हरभरा बुटका, हिरवागार, ताठ उभा होता. घमेल्याखालचा त्याच्या दुप्पट लांब, पिवळाधमक, मान टाकून पडलेला. "अंधारातलंच जास्त वाढलंय, साहेब."

साहेब खुर्चीतून उठलेच. "वा! स्वतःची चूक स्वतः दाखवणारी विद्यार्थिनी! चौगुले, याला म्हणतात विज्ञान! पुरस्काराचं आता वेगळं काय सांगायचं? चल बाळ, माझ्यासमोर ब्लॉगावर दुरुस्त कर."

सरांना शालीची ऊब जाणवायला लागली. पण रेश्मा बोर्डापाशी जाऊन थांबली आणि मागं वळली.

"सर, पासवर्ड काय हाय?"

"तुझा पासवर्ड तुला माहीत नाही?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई. आमच्यात कुनालाच म्हाईत न्हाई."

'विसरली असेल, साहेब,' एवढं म्हटलं की काम झालं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सरांनी तोंड उघडलंही. पण समोर ती पोरगी कीबोर्डावर बोट ठेवून उभी होती. तिला ना कुणाची तक्रार करायची होती, ना कुणाचं वाटोळं. तिला फक्त आपल्या हरभऱ्याचं खरं लिहायचं होतं. सरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आदर्शशिक्षक," सर म्हणाले. "सगळं जोडून."

मागं वीरधवल फिसकन हसला. साहेबांनी शहाळं खाली ठेवलं. रेश्मा एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहीत राहिली, आणि तिला घाई कर असं कुणी म्हणालं नाही.

पुरस्कार पुढं दुसऱ्या कुणाला तरी मिळाला. त्याचाही ब्लॉग फार सुंदर आहे म्हणतात.

साहेब येऊन गेले त्या संध्याकाळी जेवण उरकून सरांनी सवयीनं ब्लॉग उघडला. पासवर्ड आता अख्ख्या वर्गाला पाठ होता. सोन्या बैल परत आला होता, आणि यावेळी वीरधवलनं शर्यतीचा रस्ता किती लांब नि सोन्याला पळायला वेळ किती लागला, तेही लिहिलं होतं. हरभऱ्याखाली रेश्माचा प्रश्न होता, "सर, अंधारात जास्त का वाढतं?"

सर आठवत बसले. बी.एस्सी.ला कधीतरी वाचलं होतं, परीक्षेपुरतं. गाईडात बघितलं, तिथंही नव्हतं.

"आज कुणाच्या नावानं लिवताय?" गुणमालाबाईंनी विचारलं.

सरांनी टाईप केलं, "मला माहीत नाही. उद्या वर्गात मिळून शोधू." आणि त्या सबंध ब्लॉगात पहिल्यांदाच खाली स्वतःचं नाव घातलं.