अर्धी गोळी

दोघी बहिणी मिळून शिवणकामाचं दुकान चालवत. थोरली कापायची, धाकटी शिवायची. थोरलीला सगळं गिऱ्हाईक ताई म्हणे आणि जरा टरकूनही असे. धाकटी घरात अजून ठकीच होती, पन्नाशी उलटली तरी. लहानपणापासून दोघींचा एकच कायदा: येईल ते अर्धं-अर्धं. मग ते बिस्कीट असो, छत्री असो, नाहीतर शेजारणीची चहाडी.

ठकीला नैराश्याचा जुना त्रास. तिची गोळी रोज सकाळी ताईच हातावर ठेवायची, सोबत पाण्याचा पेला आणि "गीळ मुकाट्याने" हा आशीर्वाद. ठकी डोळे मिटून गिळायची.

एक दिवस ताईने कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. ठकी पोट धरून हसली. ताईच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. त्यांच्या आईचं अशाच चुकांपासून सुरू झालं होतं. अल्झायमर. शेवटी शेवटी ती ताईलाच विचारायची, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

त्याच आठवड्यात ताईने पेपरात वाचलं, की नैराश्याच्या काही गोळ्या कदाचित हा आजार टाळायला मदत करतील. 'कदाचित'कडे तिने सोयीस्कर काणाडोळा केला. दुसऱ्या दिवसापासून ठकीच्या गोळीचे दोन तुकडे होऊ लागले. एक ठकीला, एक ताईला. घरचा कायदाच तसा, त्यात चोरी कसली!

ताईचं नुसतं पोट बिघडलं. ठकीचं हसू मात्र आटत गेलं, मशीन मंदावलं, आणि एका सकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडली ती उठेचना. ताईचं धाबं दणाणलं. ठकीला कसंबसं दवाखान्यात नेऊन तिने डॉक्टरीणबाईंपुढे सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"अहो, अभ्यास चालू आहेत," बाई कपाळावर हात मारत म्हणाल्या. "काहींत आशा दिसते, काहींत नाही. सिद्ध काहीच नाही. हिला मात्र पुरी गोळी लागतेच. आणि तुमची तपासणी वेगळी करू. एका बाहीवरून स्वतःला आजारी ठरवू नका."

घरी येताच ठकी पुन्हा भिंतीकडे वळली. ताई उशाशी बसली.

"माझी मला भीती नव्हती गं," ती म्हणाली. "आईसारखं मीही एक दिवस तुला विचारलं, तुम्ही कोण, तर तू अशीच पडून राहशील. मग तुला उठवणार कोण?"

ठकीने कूस बदलून ताईकडे पाहिलं.

"पडून राहीन की," ती म्हणाली. "पण तू उपाशी आहेस म्हटल्यावर उठेनच ना, वेडे? सकाळपासून तुझ्या पोटात पाण्याचा थेंब नाही."

आणि भिंतीला हात टेकत, थांबत थांबत, ठकी खरोखरच उठली आणि चहा ठेवायला गेली. ताई तिथेच बसून हमसून हमसून रडली.