राखेनं घासलेली पुंगळी

"अण्णा, ती पुंगळी फौजदाराला द्यायच्या आधी तुमी धुतली होती का?" रोहिणीनं दुसऱ्यांदा विचारलं, तसा बंकटनं हातातला कासरा फेकला.

"धुतली. चिंच लावून राखेनं घासली. तुझ्या मायच्या रगतात पडली व्हती ती. तशीच देऊ परक्याच्या हातात?"

दोन वर्षांपूर्वी उमापूरच्या एका वरातीत रामकिसन पाटलाच्या लखननं पिस्तुलाचे तीन बार काढले. दोन वर गेले. तिसऱ्याला दारूनं हात खाली आला आणि बंकटची बायको कडूबाई जागेवरच गेली. अडीचशे माणसं नाचत होती, पण पाहिलं कुणीच नाही. शेजारी पडलेली, उडालेल्या गोळीची रिकामी पितळी पुंगळी बंकटनं उचलली आणि दुसऱ्या दिवशी, कडूबाई तांब्या घासायची तशी, लखलखीत करून ठाण्यात नेऊन दिली. फौजदार हसून म्हणाला, "मामा, लई चकाचक आणली की." पुढं प्रयोगशाळेचा कागद आला: ओरखडे फार, मत देता येत नाही. पाटलानं पैसे चारले असंच बंकट इतके दिवस धरून चालला होता. आता सोमवारी कोर्टात लखनच्या सुटकेच्या अर्जाची तारीख होती.

रोहिणी एम.एस्सी.ला होती, बंदुका-गोळ्या तपासायचं शिकत होती. कागदातले ते ओरखडे राखेचेच, हे तिनं आता त्याला सांगितलं.

"म्हंजे मीच सोडला त्याला," बंकट म्हणाला. त्याला पाटलाच्या नरडीला धरावं वाटत होतं, आणि आधी स्वतःच्या.

"ऐका तर. आमी कॉलेजात एक पुंगळी मुद्दाम राखेनं घासली. वरच्या बारीक रेघा गेल्या. पण बार काढताना बुडाला पिस्तुलाची टोचणी आपटून खड्डा पडतो ना, तो खोल असतो. त्यातल्या खुणा राहिल्या. लखनचं पिस्तूल जप्त हाय. त्याच्या टोचणीशी जुळवून बघा म्हणून मागता येतं. फक्त कोणी घासली, कशानं घासली, ते तुमाला लिहून द्यावं लागंल."

"तू बघ की मग जुळवून."

"मला बघता येत न्हाई. मी तिची लेक हाय. माझ्या कागदावर कोण इस्वास ठेवीन?"

"मग शिकलीस कावून?"

"नेमकं काय मागायचं ते कुणालाच ठावं नव्हतं, म्हणून."

तो कासरा उचलून गोठ्याकडं निघून गेला. सोमवारी मात्र सरकारी वकिलापुढं त्यानं सगळं जसंच्या तसं लिहून दिलं, सही केली.

व्हरांड्यात रामकिसन पाटील माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बायकोचा पुरावा सोताच घासून बसला, अन् आता आलाय गाऱ्हाणं घेऊन."

"घासली मीच," बंकट म्हणाला. "बार तुझ्या पोराचा हाय. चारचौघात सांगतो, तूबी सांग."

पाटलानं मान वळवली.

दुपारी जजसाहेबांनी पुंगळी आणि पिस्तूल परत तपासायला पाठवायचा हुकूम दिला. लखनचा अर्ज तोवर लांबला. बंकटला बरं वगैरे काही वाटलं नाही. दोन वर्षं गेली ती गेलीच, आणि त्यातला वाटा त्याच्या हातांचा होता.

"तू जा," तो रोहिणीला म्हणाला. "तुझं प्रॅक्टिकल हाय उद्या. हुकमाची नक्कल मी घेऊन येतो."