लालबागचा डंक आणि टोमॅटोची सालं

मी मिरची-मसाला कुटायचा एक जुना डंक आहे, मित्रांनो. लालबागच्या एका अरुंद गाळ्यात उभा आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. माझी लोखंडी मुसळं विजेवर वर जातात आणि खालच्या उखळात धपकन पडतात. वर जायचं, खाली पडायचं. चाळीस वर्षं हेच. आता माझे बोल्ट सैल झाले आहेत आणि प्रत्येक घावाला अंग हादरतं.

माझे मालक गुणाजी मूळचे देवगडकडचे. उन्हाळा आला की गाळ्याबाहेर बायकांची रांग लागायची. कुणाची बेडगी, कुणाची संकेश्वरी मिरची. गुणाजींकडचा मसाला वर्षभर लाल राहतो, असं त्या म्हणायच्या आणि मला बरं वाटायचं. पुढे तयार मसाल्याची पाकिटं आली. रांग आखूड झाली. गुणाजींचे गुडघे गेले. माझ्यावर गोणपाट पडलं आणि मी दिवसचे दिवस तसाच उभा राहिलो.

अशात एके दुपारी संघमित्रा आली. ती घोडपदेवची. शिवडीला टोमॅटो सॉसच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला. रस काढल्यावर उरलेली सालं आणि बिया तिथून रोज पिंपं भरभरून कचऱ्यात जात. तिला ते बघवत नव्हतं. टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन सालीतच भरपूर असतं, असं तिने गुणाजींना समजावलं. ते अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे शरीरातल्या पेशींची झीज रोखायला मदत करतं. ओली सालं लगेच आंबतात, म्हणून कारखान्याच्या परवानगीने ती त्याच दिवशी मंद आचेवर वाळवत होती. फक्त कुटायला कुणी तयार नव्हतं. वेगाने फिरणाऱ्या चक्कीत भुकटी तापते आणि तिचा कस जातो. माझं काम संथ, म्हणून ती माझ्याकडे आली होती.

"कचरा कुटायला माझा डंक नाय," गुणाजी म्हणाले.

ती वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी थोडी सालं घरी खलबत्त्यात कुटून, ती भुकटी घातलेली भाकरी घेऊन आली. गुणाजींनी अर्धी खाल्ली, उरलेली कागदात बांधून ठेवली आणि माझ्यावरचं गोणपाट काढलं.

पहिली खेप मात्र फसली. गुणाजींनी मला नुसतं फडक्याने पुसलं होतं. माझ्या सांध्यांत मुरलेली मिरची भुकटीत उतरली. परळच्या बेकरीवाल्या चिंतामणींनी ती भुकटी पिठात घालून पाव केला. पहिल्याच घासाला त्यांना जबरदस्त ठसका लागला आणि पुन्हा येऊ नकोस, असं त्यांनी संघमित्राला सांगितलं. ती गाळ्यात येऊन बसून राहिली. झालेलं सांगितलं, पण गुणाजींना दोष दिला नाही. 

दुसऱ्या दिवशी गुणाजी दुखरे गुडघे घेऊन परळला गेले. परत आल्यावर तिला म्हणाले, "पोरीची चूक नाय, माझी हाय, असं सांगितलं त्यांना. आणखी एकदा बघतो म्हणाले."

मग त्यांनी मला पहिल्यांदाच पूर्ण सुटं केलं. गरम पाणी, सोडा, ब्रश. तीन दिवस लागले. पाणी आधी लाल, मग गुलाबी, मग स्वच्छ निघालं.

चौथ्या दिवशी मायाताई मिरची घेऊन आल्या. वीस वर्षं त्या आमच्याकडेच येत. गुणाजींनी त्यांची पिशवी हातात घेतली आणि परत दिली.

"आता मिरची नाय कुटत, मायाताई," ते म्हणाले. "दोन्ही एकत्र नाय जमत."

मायाताई पिशवी घेऊन वळल्या. माझं अर्धं आयुष्य त्या पिशवीबरोबर निघालं, असं मला वाटलं.

या वेळच्या भुकटीचा पाव केशरी निघाला. चिंतामणींनी दोन खाल्ले. आता आठवड्यातून दोनदा माझी भुकटी परळला जाते. तरी शिवडीची बहुतेक पिंपं अजून कचऱ्याच्या गाडीतच रिकामी होतात. सगळं कुटायची ताकद माझ्यात नाही, आणि मी थकलोही आहे.

मित्रांनो, फार मागणं नाही. जुन्याला नवं काम जरूर द्या. पण आधी त्याचं अंग नीट धुवायला वेळ काढा, आणि काम झालं की त्याला घटकाभर नुसतं उभं राहू द्या.